काळ्या चौकटीतली रिकामी ओळ

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो जबाब लिहून घेतले आणि त्यातले बहुतेक विसरून गेलो. हॅमिल्टनमधल्या एका घराच्या दारावर चिकटवलेला कागद मात्र अजून डोळ्यांपुढे येतो, आणि तो आला की आधी मला माझी चूक आठवते.

मी मूळचा नागपूरचा. कॅनडात आलो तेव्हा पोलीस होईन असं स्वप्नातही नव्हतं. चार वर्षं पोलादाच्या कारखान्यात पाळ्या केल्या, मग भरतीची जाहिरात पाहिली. ही घटना घडली तेव्हा मी डिटेक्टिव्ह होतो. दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नावं सांगणार नाही, कारण दोन्हीकडची माणसं अजून याच शहरात राहतात.

मार्चमधल्या एका सकाळी सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ ठाण्यात आले. मूळचे बल्गेरियाचे, कारखान्यातून निवृत्त, एकटे राहणारे. कोट इस्त्रीचा, बूट चकचकीत, पण हात कापत होते. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. जाड काळी चौकट, वर क्रॉस, एका तरुणाचा जुना फोटो आणि खाली मला न वाचता येणारी अक्षरं. सगळ्यात खालची ओळ कोरी होती, नुसती टिंबं.

"आमच्या देशात माणूस मेला की त्याच्या दारावर असा कागद लावतात, ऑफिसर," ते म्हणाले. "माझ्या घरात कुणी मेलेलं नाही. मी एकटाच राहतो. म्हणजे हा माझ्यासाठी आहे."

"यात लिहिलंय काय?"

"वीस दिवस. याआधी दोन आले, ते मी फाडले. एकावर तीन दिवस होतं, दुसऱ्यावर नऊ. मला मुदत देताहेत."

"आणि हा फोटोतला मुलगा?"

"कोण जाणे. इंटरनेटवरून उचलला असेल."

मी तक्रार नोंदवली, कागद पुरावा म्हणून पाकिटात घातला, रस्त्यावर गस्त वाढवली, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. सगळं नियमाप्रमाणे केलं. नियमात नसलेली एकच गोष्ट केली, ती म्हणजे कागदाचा अर्थ तक्रारदाराच्या तोंडून घेतला आणि दुभाष्याला फोन केला नाही. म्हातारा माणूस, चांगला कोट, थरथरते हात. एवढ्यावर मी विश्वास ठेवला. आज नव्या शिपायाने असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

आठवडा गेला, हाती काहीच लागलं नाही. एका दुपारी बायकोचा फोन आला.

"अहो, उद्या लवकर या हं. आईंचं पाचवं मासिक आहे. ग्रोसरी मी पिक अप करते, तुम्ही फक्त ड्राइव्हवे शोव्हल करून ठेवा, गुरुजी येणारेत."

"पाचवं? चौथंच ना?"

"चौथं झालं की मागच्या मंथमध्ये. तुम्हाला कुठे लक्ष असतं!"

फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. आई नागपूरला गेली तेव्हापासून आम्ही दहावा, तेरावा, मासिक असे आकडे मोजत होतो. मेलेल्या माणसाचे दिवस वाढत जातात. मुदतीचे दिवस कमी होतात. धमकी देणारा आधी वीस लिहील, मग नऊ, मग तीन. इथे तीन, नऊ, वीस असं उलटं चाललं होतं. ही धमकी नव्हतीच. कुणीतरी सुतक पाळत होतं.

तेव्हा कुठे मी सरकारी दुभाष्याला कागद फॅक्स केला. त्याने दहा मिनिटांत सांगितलं, "मृत्यूनंतरचा विसावा दिवस. आमच्याकडे तिसरा, नववा, विसावा आणि चाळिसावा पाळतात. त्यानंतर तीन महिने. हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं."

म्हणजे तक्रारदाराला ठाऊक होतंच. माझा अनुभव असा की घाबरलेला माणूस पोलिसांना जरा जास्तच सांगतो. कमी सांगणाऱ्याला भीती वेगळ्याच गोष्टीची असते.

चाळिसाव्या दिवशी सकाळी मी समोर गाडी लावून बसलो. दहाच्या बसने एक बाई उतरल्या. पासष्टीच्या आतबाहेर, डोक्याला काळा रुमाल, एका हातात गोंदाचा डबा, दुसऱ्यात झाकणाचं भांडं. त्यांनी ब्रशने दाराला गोंद लावला, कागद चिकटवला आणि कोपरे तळव्याने दाबून नीट बसवले. मी पुढे होऊन ओळखपत्र दाखवलं. त्यांनी भांड्याचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. शिजवलेले गहू, साखर आणि अक्रोड.

"आधी हे घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाच्या नावाचं आहे. नाही म्हणायचं नसतं."

मी घेतलं. मग त्यांना हक्क वाचून दाखवले, कागद दारावरून सोडवून घेतला आणि त्यांना ठाण्यात नेलं. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण शब्द पक्के होते.

"फोटो कोणाचा?"

"भावाचा. चोवीस वर्षांचा होता. तंग पँट घालायचा, अकॉर्डियनवर परकी गाणी वाजवायचा. तेवढ्यासाठी कम्युनिस्ट पोलिसांनी उचलला. दगडाच्या खाणीवर श्रमछावणी होती, तिथे नेला."

"याला किती वर्षं झाली?"

"सत्तेचाळीस."

"मग चाळीस दिवस कसे?"

"मला कळून चाळीस. आम्हाला सांगितलं होतं, तुमचा मुलगा सीमा ओलांडून पळाला. आई मरेपर्यंत दाराला कडी लावत नव्हती. आता तिकडे जुन्या फायली उघडल्या. मी अर्ज केला. त्यात आलं, छावणीत तिसऱ्याच महिन्यात मेला."

आमच्याकडेही लांबच्या माणसाची बातमी उशिरा आली तर ती कळेल तेव्हापासून सुतक धरतात. मला आणखी काही विचारायची गरज पडली नाही. पण त्याच दारावर कागद का, हे विचारावं लागलं.

त्यांनी पिशवीतून फायलीतल्या पानाची प्रत काढली आणि एका सहीवर बोट ठेवलं. "प्रेत ट्रकमध्ये घातलं. ही ट्रकच्या ड्रायव्हरची सही. कुठे नेलं ते लिहिलेलं नाही. हा माणूस पंधरा वर्षं माझ्याच चर्चमध्ये येतो, ऑफिसर. ईस्टरला माझ्या हातचा गोड पाव खातो. माझं आडनाव त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"हे पुन्हा केलंत तर छळाचा गुन्हा लागेल. अटक होईल."

"करा ना. मला त्याच्याकडून दुसरं काही नको. शेवटच्या ओळीत कबरीची जागा लिहितात. ती ओळ मला रिकामी ठेवायची नाही. तो ती भरेपर्यंत मी येणार."

मी त्यांना समज देऊन सोडलं. खरं सांगायचं तर समज देताना मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी चाळिसाव्या दिवसाचा कागद घेऊन त्या गृहस्थाकडे गेलो. परक्या देशातला इतका जुना प्रकार आमच्या हद्दीत बसत नव्हता. वरिष्ठांना अहवाल दिला होता, त्यांनीही तेच सांगितलं. माझ्या हातात कायद्याचं काहीच नव्हतं. तरी बसलो.

"खटला चालला तर या कागदाचा अर्थ तुम्हाला शपथेवर सांगावा लागेल," मी म्हणालो. "मला सांगितलात तो नाही, खरा."

त्यांनी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाले, "तक्रार मागे घेतो."

"घ्या. पण कुठे नेलंत?"

"मी कुणाला मारलं नाही! बावीस वर्षांचा होतो. गाडी चालव म्हणाले, मी चालवली."

"मारलंत का, हे मी विचारलंच नाही. कुठे नेलंत एवढंच विचारतोय."

त्यांनी दाराकडे बोट केलं. मी कागद आणि पेन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि उठलो. एवढी चिकाटी मी खुनाच्या तपासातही क्वचित दाखवली असेल, पण परतताना हात रिकामेच होते. गाडीत बसल्यावर स्वतःचाच राग आला.

तीन महिन्यांचा दिवस मी डायरीत लिहून ठेवला होता. त्या सकाळी सुट्टी घेऊन पुन्हा तिथेच गाडी लावली. बाई नवा कागद घेऊन, अटक व्हायच्या तयारीने आल्या होत्या. औषधांची पिशवीसुद्धा बरोबर होती. पण दारापाशी जाऊन त्या थबकल्या.

दारावर कागद आधीच होता. मी टेबलावर सोडलेला तोच, चाळिसाव्या दिवसाचा. चारी कोपरे नीट चिकटवलेले. शेवटच्या ओळीतल्या टिंबांवर पेनाने लिहिलं होतं. अक्षर थरथरलेलं होतं. काय लिहिलंय ते बाईंनी मला नंतर सांगितलं: गावाचं नाव, नदीचा पूल आणि पुलापासून किती पावलं.

बाईंनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. मग पायरीवर बसून त्या रडल्या, कुणाचीही पर्वा न करता. खिडकीचा पडदा जरासा हलला, पण दार उघडलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, भांड्यातले गहू कागदी वाटीत काढले आणि ती वाटी दारापाशी ठेवली.

"त्याच्यासाठी?" मला राहवलं नाही.

"नाही म्हणायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि बसथांब्याकडे चालू लागल्या.

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही तसा अर्थ काढत नाही. मी एवढंच शिकलो की तक्रारदार कोण आणि संशयित कोण हे आम्ही पहिल्या पानावर लिहितो, आणि ते पान कधीकधी खोटं असतं. शिकायला मला एक चूक आणि आईचं पाचवं मासिक लागलं. पुढे नोकरी संपेपर्यंत जबाब पूर्ण झाला की मी कोऱ्या राहिलेल्या ओळी आधी पाहत असे.