कंबर मोजणाऱ्या आपा

डॉक्टर आपांचा स्टेथोस्कोप बहुतेक वेळ टेबलाच्या खणात पडलेला असे. गळ्यात असायचा पायजम्याचा पांढरा सुती नाडा. पोर खोकत येवो की कान धरून रडत येवो, आपा आधी त्याला भिंतीशी उभं करायच्या, टाचेपासून डोक्यापर्यंत नाडा ताणून त्याची उंची धरायच्या, मग तेवढा नाडा बरोबर मध्ये दुमडून त्याच्या कमरेभोवती आणायच्या. टोकं एकमेकांना भेटली की "माशाअल्ला" म्हणून पाठीवर थाप. मधे फट राहिली, तर औषध देऊन झाल्यावर आईला बसवून घ्यायच्या. "खोकला जाईल आज ना उद्या," त्या म्हणायच्या, "कंबर मात्र सोबत ऱ्हाते."

त्यांचा दवाखाना जुन्या बाजारात होता. मी चौथीत असताना ताप आला म्हणून आई मला घेऊन गेली. माझ्या कमरेवर नाड्याच्या टोकांत चांगली चार बोटांची फट राहिली. आई ओशाळून म्हणाली, "लई जाड झालीय हो ही."

आपांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिला काइकू बोलता? सैपाक ती करते का?"

'जाड' हा शब्द त्या दवाखान्यात चालत नसे. कंपाउंडरनं एका मुलाला 'गोलू' म्हटलं, तेव्हा आपांनी सगळ्यांसमोर त्याला त्या मुलाची माफी मागायला लावली होती. शाळेत मला कुणी नावानं हाक मारत नसे. आपा मात्र पूर्ण नाव घेऊन, शेवटी 'बेटा' लावून बोलायच्या.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला दिलाची तकलीफ? माझे चुलते, म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, धाकटे भाऊ, आदल्याच वर्षी सिल्लोडकडच्या आमच्या शेतात बसल्या जागी गेले होते. आजोबाही पन्नाशीच्या आतच गेलेले. आईनं ते सांगितलं तेव्हा आपांनी नाडा गळ्यात टाकला आणि म्हणाल्या, "कल इसके अब्बा को भेजो."

अण्णा गेले ते चिडूनच. मलाही बरोबर नेलं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "पोरगी खात्यापित्या घरची दिसायला नको का? मी तर हिच्या वयात हिच्या दुप्पट होतो."

"आणि भाऊ?"

"तो माझ्याहून गुबगुबीत. गावात कौतुक होतं आमच्या जोडीचं."

आपांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, प्रत्येक गुबगुबीत पोराचं असं होत नाय. पण पोटाचा घेर लहानपणी वाढला, तर तो मोठेपणी बी पिच्छा सोडत नाय बहुतेक. आणि तुमच्या खानदानात दिल कमजोर. मला पोरीची फिकर आहे, पण आज तुमची जास्ती आहे."

अण्णांनी रुमालानं तोंड पुसलं. रक्तदाब मोजला, तो फार चढलेला निघाला. आपांनी त्याच दिवशी त्यांना हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं. एक रक्तवाहिनी अरुंद व्हायला लागली होती. वेळेवर कळलं, असं तो डॉक्टर म्हणाला. घरी येऊन अण्णा बराच वेळ भावाच्या फोटोसमोर उभे होते.

आमच्या घराचं वळण बदललं ते तिथून. एकट्या पोरीचं ताट वेगळं करायचं नाही, अशी आपांची सक्त ताकीद होती. "तिला उपाशी ठेवलं तर मी तुमच्या घरी जेवायला येईन," त्यांनी आईला सांगितलं, "आणि काय बी शिल्लक ठेवणार नाय." तळण सणापुरतं राहिलं, केबलचा टीव्ही संध्याकाळी बंद, आणि मी गल्लीत लंगडी खेळायला लागले. पहाटे अण्णा आणि मी हिमायत बागेत फिरायला जायचो. तिथं आपा भेटायच्या, सलवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, अण्णांच्या पुढे चालत. रविवारी मात्र त्यांच्या हातात पाकातल्या इमरतीचा पुडा असे. अण्णांनी डोळे मोठे केले की म्हणायच्या, "दिल को खुश बी रखना पड़ता." अर्धी इमरती मला, अर्धी अण्णांना, बाकीच्या त्यांच्या.

सातवीत मी ताडासारखी वाढले. त्या वर्षी माझ्या कमरेवर टोकं भेटली आणि वर थोडा नाडा उरला. आपांनी त्याची तिथंच गाठ मारली, मला तसंच बाकावरच्या सगळ्या बायांसमोर फिरवलं आणि नंतर सोडताना बोटं अडखळली तेव्हा कळलं की त्यांचे डोळे भरलेत.

म्हातारपणी आपा खुलताबादला भाच्याकडे राहायला गेल्या. अण्णा सणासुदीला भेटायला जायचे, तास तास गप्पा मारून यायचे. गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. निरोप आला तसे आम्ही बापलेक निघालो. कबरस्तान वर, टेकडीच्या अंगाला. मी खाली रस्त्यावर बायकांत थांबले आणि बघत राहिले. आमच्या घरातल्या कुठल्याच पुरुषानं न पाहिलेलं वय अण्णांनी कधीच मागं टाकलं होतं. आपांच्या भाच्यानं जनाज्याचा पुढचा खांदा अण्णांना दिला. चढ लागला तेव्हा एक तरुण जवळ येऊन म्हणाला, "चचा, अब मैं लेता हूँ."

अण्णांनी मानेनंच नको म्हटलं आणि चालत राहिले.