अष्टमीची धुरी

बाळाच्या झबल्याला ओव्याच्या धुराचा वास येत होता. ओठ निळसर पडले होते आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पाचच दिवसांपूर्वी मी त्याला हसत हसत डिस्चार्ज दिला होता.

पेणच्या एका रुग्णालयात मी एनआयसीयूची सिस्टर आहे. एनआयसीयू म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांचा अतिदक्षता विभाग. बाळाच्या आईचं, प्रज्ञाचं, बीपी आठव्या महिन्यातच हाताबाहेर गेलं आणि तातडीने सिझर करावं लागलं. बाळ जेमतेम सव्वा किलोचं. पहिले काही दिवस तिने त्याला हातच लावला नाही. "जीव लावला आन गेला तर?" म्हणायची. मग मी दटावून बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवायला लागले. त्याला कांगारू केअर म्हणतात. आईच्या उबेने बाळ तग धरतं. हळूहळू ते दूध ओढायला लागलं, तेव्हा कुठे तीही नीट जेवायला लागली.

छत्तिसाव्या दिवशी डिस्चार्ज. मी सगळं समजावलं. गर्दी नको, रोज अंघोळ नको, धूर तर अजिबात नको; या बाळांची फुफ्फुसं कच्ची असतात. प्रज्ञाने वहीत लिहून घेतलं आणि रोह्याजवळच्या अष्टमी गावात माहेरी गेली. मी स्वतःवर खूश होते.

"धूर कशाचा?" बाळ परत आणलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं.

प्रज्ञाची आई पुढे झाली. "न्हाऊ घालून धुरी देतो ना. इंगळावर ओवा, शेपा. माज्या चारी पोरांना दिली. सर्दी होत नाय."

मी प्रज्ञावर ओरडलेच, "तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, सिस्टर. पण मी बाळंतीण. घरात माझं कोण ऐकतंय?"

व्हेंटिलेटर लावला, म्हणजे यंत्राने श्वास द्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं. नळ्या काढून मी त्याला प्रज्ञाच्या छातीवर ठेवलं. तिने सवयीने पदर ओढून त्याला झाकलं. मला रडू आवरेना.

बाहेर आजीने मला गाठलं. "माज्यामुलंच गेला ना गो?"

"फुफ्फुसात जंतूही होते, आजी. एकट्या धुराने नाही." डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण मला ते सांगून मोकळंही वाटलं नाही.

"मंग मला आदी का नाय सांगितलंत? मी डबा घेऊन यायची. हितंच बाकावर बसलेली असायची."

छत्तीस दिवसांत मी त्या बाईशी एकच वाक्य बोलले होते. चपला बाहेर काढा.

आता बाळाला न्हाऊ घालणारी बाई समोर येऊन बसल्याशिवाय मी डिस्चार्जचा कागद देत नाही. आई असो, सासू असो, नाहीतर शेजारची म्हातारी. परवा एकजण फणकारली, "आमाला काय पोरं वाढवता येत नाय व्हय?"

"येतात," मी म्हटलं. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."