पुसली तरी न फुटणारी संख्या

स्नेहलचा फोन आला तेव्हा मी पेडण्याच्या बाजारात पाव घेत होते. "मावशी, आत्या गेली गो... सकाळी कपभर च्या घेतली, आणि गेली." पाववाल्याने सुटे पैसे पुढे केले होते, ते घ्यायचंही मला सुचलं नाही.

स्नेहलची आत्या म्हणजे आमची कुमुदताय. ती गणिताची बाई, मी मराठीची. एकाच शाळेत आमची उमर गेली. एकदा स्टाफरूममध्ये तिने माझ्यासमोर पाटी धरली. ७३९३९१३३. "वाच." मी वाचलं : सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. "बघ, कशी ओवीसारखी आहे! ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, आणखी कशानेच भाग जात नाही. आता शेवटचा अंक पूस. उरते तीही मूळ. आणखी एक पूस, तीही. पुसत पुसत एकटा सात उरेपर्यंत एकदाही फुटत नाही. आणि अशी याहून मोठी संख्या नाहीच. हिच्यापुढे कुठलाही अंक जोड, फुटलीच." ती कुजबुजल्यासारखं बोलत होती, देवळात बोलतात तसं.

मुरगाव बंदरात नोकरीला असलेले तिचे यजमान अचानक वारले, तेव्हा तिने ही संख्या स्वतः पडताळायला घेतली. आठ हजार सहाशेच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं; त्यापुढे बघावं लागत नाही, म्हणायची. हजारावर भागाकार, तेही हाताने! "पुस्तकात छापलंय म्हणून मी मानू?" एवढंच म्हणाली. रोज दुपारी बाल्कांवात, दारापुढच्या बैठकीवर बसायची, भागायची, पुसायची. तेराने बाकी आठ. सतराने बाकी... आम्हाला वाटायचं, दुःखाने हिचं काही बिघडलं तर नाही ना. पावसाळा गेला, काजू मोहरले, आणि एका सकाळी तिचा फोन आला. "अगो, फुटूंक ना! शेवटपर्यंत फुटली नाही ती!" यजमान गेल्यापासून तिला मोकळेपणी रडताना मी तेव्हा प्रथम ऐकलं.

पुढे काही वर्षांनी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. स्नेहल म्हणायची, "आता कोणाला ओळखत नाही ती." मी भेटायला गेले. बोलायचं काय, ते कळेना. पाटी घेतली आणि आठवेल तशी ती संख्या लिहिली. कुमुदतायच्या कपाळावर आठी पडली. डाव्या अंगठ्याने तिने माझा शेवटचा सात पुसला आणि खुणेने खडू मागून तिथे वेडावाकडा तीन काढला. घरी येऊन बघते तर माझी संख्या साध्या तिनाने फुटत होती!

त्या दिवशी ती तेवढ्यावर थांबली नाही. शेवटून एकेक अंक पुसत गेली, आणि प्रत्येक वेळी मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. बघ, आहे ना अजून? स्नेहल दारात उभी राहून रडत होती. एकटा सात उरला, तेव्हा कुमुदतायने त्यावर बोट ठेवलं. पाटी मात्र सोडली नाही.

ती गेल्यापासून मला एक खोड लागली आहे. स्कूटरवरून जाताना पुढच्या गाडीचा नंबर दिसला की मी त्याला मनातल्या मनात भागत सुटते... तिनाने, साताने, अकराने. परवा तुयेच्या रस्त्याला एका टेंपोचा नंबर काही केल्या फुटेना. माझं वळण मागे राहिलं, तरी मी त्या टेंपोच्या मागे जातच राहिले.