निम्मी आलेली बिदाई

सेनगावात बसस्टँडमागच्या गाळ्यात नेमसिंग राठोड लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो. आजूबाजूच्या गावांतले, तांड्यांवरचे शूटिंगवाले त्याला माल धाडतात आणि तो त्यातून तीन तासांचं लग्न काढून देतो. पूर्वी हा माल एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून यायचा. पाकिटात मेमरी कार्ड, वर नेमसिंगचा नंबर. एकदा एक कार्ड उतरायचं राहून थेट जिंतूरला गेलं. नवरदेवाच्या बापाने गाळ्यासमोर जो तमाशा केला, त्यानंतर नेमसिंगने ऑनलाइनची कास धरली.

सगळ्या शूटिंगवाल्यांना त्याने स्वतः शिकवलं. माणूस कटकट्या, एकच गोष्ट दहादा सांगायचा. व्हॉट्सअॅपवर टाकू नका, चित्राचा पार चोथा होतो. लिंक करून पाठवा. अख्खं लग्न एका फाईलीत कोंबू नका, एकेका विधीचा तुकडा करा, म्हणजे रेंज गेली तरी तेवढाच परत पाठवावा लागेल. आणि मी फाईल उघडून बघितली असं सांगेपर्यंत कार्ड पुसू नका. हा शेवटचा नियम तर त्याने शटरवर रंगवून घेतला होता. लोक हसायचे, पण माल शाबूत यायचा.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मात्र त्याच्याच वाट्याला यायचं होतं.

गेल्या वैशाखात लग्नांची नुसती रीघ लागली होती. रणजीत नावाच्या शूटिंगवाल्याने तांड्यावरच्या दिपाच्या लग्नाचे चौदा तुकडे पाठवले आणि फोन केला. "नेमूभाऊ, मिळालं का? दुसऱ्या लग्नाला निघून राहिलो. कार्ड मोकळं पायजे."

नेमसिंगने पडद्यावर चौदा नावं मोजली. उघडलं एकही नाही. "मिळालं. पुस," म्हणाला.

चौदावा तुकडा बिदाईचा. तो संगणकावर उतरत असताना वीज गेली होती आणि निम्माच आला होता. लिंक सात दिवसांची, आणि हा पठ्ठ्या कामाला बसला नवव्या दिवशी. फाईल उघडेना, लिंक मेलेली, कार्डावर भलतंच लग्न.

बंजाऱ्यांची नवरी सासरी जाताना घरच्यांच्या गळ्यात पडून रडत रडत ढावलो गाते. त्यात मनातलं, पोटातलं सगळं येतं. नेमसिंग तांड्यावरच वाढलेला, त्याला हे कुणी सांगायला नको होतं. पण व्हिडिओत ते रडणं हल्ली कुणाला नको असतं, अशी त्याने मनाची समजूत घातली, बिदाईच्या जागी फोटो जोडले, वर सिनेमाचं गाणं चढवलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. कुणी तक्रारही केली नाही.

दहा महिन्यांनी दिपा काविळीने गेली.

तेरावं झाल्यावर तिची आई मिराबाई गाळ्यात आली. "गानं नको, फोटो नको. तिचा ढावलो लाव. बाकी समद्यात बँडच वाजून राहिला, लेकरू तोंड मिटून बसलंय. रणजीत म्हनतो, बिदाई तुझ्यापाशी हाय."

रणजीतवर ढकलता आलं असतं. विजेवर तर सहज. नेमसिंगने तसं केलं नाही.

"याडी, माय, ती निम्मीच आली. म्या न बघता पुस म्हनलो. रणजीतची चूक न्हाई."

मिराबाईने त्याला पडद्यावर नाव दाखवायला लावलं. "हाय की मंग ही."

"नाव हाय. उघडत न्हाई."

फाईल दुरुस्त होते का म्हणून हिंगोली झाली, नांदेड झालं, सगळीकडे दाखवून झालं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तिचे शब्द आठवत असतील तर सांग. लिहून ठेवू."



"म्या कानात पदर कोंबला व्हता," ती म्हणाली. "ऐकवत न्हवतं रे. दोनदा गळ्यात पडली माझ्या, म्या तोंड फिरवलं. म्हनलं, शूटिंग होऊन राहिलं, मागून निवांत ऐकू."

नेमसिंगला रडू आवरलं नाही. तिने त्याला ना शिव्या दिल्या, ना समजावलं.

आता दर बाजाराला मिराबाई येते, पायरीवर टेकते. "उघडली का?" एवढंच विचारते. नेमसिंग हातातलं काम ठेवतो, ती फाईल खरोखर उघडून बघतो आणि नाही म्हणतो. मग ती पिशवी उचलते आणि तांड्याच्या जीपकडे जाते.