रक्तातला हमाल

लालबागला माझ्या दवाखान्याखाली एक लॅब होती. तिथला टेक्निशियन बोलताना रिकामी नळी बोटांत फिरवत राहायचा. "अल्ब्युमिन म्हणजे रक्तातला हमाल, डॉक्टर," तो म्हणायचा. "चरबी, औषध, सगळं त्याच्या पाठीवर. हमाल कमी पडले की औषध मोकाट सुटतं." मी हसायचो.

फिटच्या गोळ्या घेणाऱ्या एका बाईंच्या रक्तात औषध कमी दिसलं. टेक्निशियन तिचा रिपोर्ट घेऊन जिना चढून आला. मी न सांगता त्याने अल्ब्युमिनही तपासलं होतं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं.

"अल्ब्युमिन निम्मंच आहे, डॉक्टर. औषध कमी दिसतंय, पण त्यातलं मोकाट जास्त आहे. त्या आकड्यावर जाऊ नका. डोस वाढवू नका."

"तू सुया टोच रे," असं म्हणून मी डोस वाढवला.

आठवड्याने बाई झोकांड्या खात जिन्यावरून पडल्या आणि गेल्या. लॅबचा रिपोर्ट चुकला, असं मी त्यांच्या मुलाला सांगितलं. लॅबने टेक्निशियनला काढून टाकलं.

शेवटच्या दिवशी तो वर आला. हातात नळी नव्हती. तोच रिपोर्ट त्याने माझ्या टेबलावर ठेवला. "कुणाला दाखवला नाही, डॉक्टर. तुमच्याकडेच असू दे."

मीही कुणाला दाखवला नाही. पेन्सिलीचं अक्षर आता पुसट झालं आहे, पण वाचता येतं. उद्या तो रिपोर्ट घेऊन मी बाईंच्या मुलाकडे घोडपदेवला जाणार आहे.