दगामामांचे तीन बार

आमच्या मामांचं नाव दगा. पारोळ्याकडे या नावाला कुणी हसत नाही. सुरतेत मात्र हजेरी घेणारा प्रत्येक नवा सुपरवायझर एकदा मान वर करून बघतो. मामा पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये सव्वीस वर्षं मशीनवर आहेत. कापड, पाणी आणि रंग टाकीत कोंडायचं, झाकण आवळायचं आणि काट्यावर नजर ठेवायची. बार म्हणजे दाबाचं माप. काटा तीन बारवर पाहिजे म्हणजे पाहिजे. घरचा कुकर शिट्ट्यांवर मोजलेलाही मामांना सहन होत नाही. सुंदरामामी म्हणते, कुकरला काटा बसवा आणि वरण तुम्हीच लावा.

अशा माणसाला व्याही मिळाले वाल्मिकराव. मामांच्या मुलीच्या, सुषमाताईच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत विचारलं, “म्हणजे सुरतेत तुम्ही कपडे धुता म्हणायचं?” पंगत हसली. मामांनी हातातला घास खाली ठेवला. माझ्या मते तो दोन वर्षं तसाच ताटात होता.

यंदा दिवाळीनंतर वाल्मिकराव चार दिवस सुरतेला येणार असं कळलं. त्याच आठवड्यात चेतनने, म्हणजे मामांच्या मुलाने, मोबाइलवर पाण्याच्या रॉकेटचा व्हिडिओ दाखवला. बाटलीत थोडं पाणी, वर पंपाने भरलेली हवा, बूच सुटलं की बाटली आभाळात. मामांनी तो तीनदा बघितला आणि म्हणाले, हे तर आपलंच काम. व्याह्यांना दाखवूनच देऊ.

दोन लिटरची सोड्याची बाटली आली, साडीच्या खोक्याचे पंख लागले, रबरी बुचात सायकलचा व्हॉल्व्ह बसला. बूच जागेवर धरायला खिळा, खिळ्याला पतंगाची दोरी. बिनरंगाचं पाणी मामांना बघवत नाही, म्हणून त्यात चमचाभर राणी रंग पडला.

सुट्टीच्या सकाळी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सगळे जमले. वाल्मिकराव पांढऱ्याशुभ्र कडक सदऱ्यात खुर्ची टाकून, मामांनी सांगितलं म्हणून लांब बसले. मामा वीस पावलांवर दोरी धरून उभे. पायाच्या पंपावर चेतन. पंपाला काटा होता, पण चेतन काटा बघणाऱ्यातला नाही. तो सुरतेत जन्मला, गुजराती शाळेत शिकला, दिवसभर दुकानात हिंदी बोलतो. मराठी फक्त जेवण मागण्यापुरती.

मामा ओरडले, “तीन बार!”

चेतनने हिंदीत ऐकलं. तीन वेळा पाय मारला आणि हात वर केला. मामांनी दोरी ओढली. रॉकेट गुडघ्याएवढं उडालं, थुंकल्यासारखं थोडं गुलाबी पाणी टाकलं आणि आडवं झालं.

वाल्मिकराव खुर्चीसकट चार पावलं पुढे आले. “व्याही, हा तर फुसका बार.”

मामांचे कान लाल झाले. मी परत पाणी भरलं. वाल्मिकरावांना मागे सरका म्हटलं, तर म्हणाले, आता कशाला. मामा चिडले की अहिराणीवर येतात. चेतनचा पाय परत तीनवर थांबलेला बघून ते गरजले, “बार सांगस मी, बार!”

गुजरातीत बार म्हणजे बारा. चेतनने ‘हां, एम बोलो ने’, म्हणजे असं सांगा ना, म्हणत मोजून बारा केले. मी वाकून बघितलं, तर काटा बरोबर तीनवर.

मामांनी दोरी ओढली आणि बाटली चौथ्या मजल्याच्या टाकीवरून गेली. ती कुठे पडली ते कुणी बघितलं नाही. सगळे वाल्मिकरावांकडे बघत होते. बाटलीतलं पाणी तिथे पोचलं होतं. टोपीपासून धोतरापर्यंत राणी रंग.

वाल्मिकराव हळूच उठले, सदरा चिमटीत धरून म्हणाले, “व्याही, हे धुऊन निघेल ना?”

मामा दोरी गुंडाळत होते. घाई केली नाही.

“धुणाऱ्याला विचारा,” ते म्हणाले. “मी रंगवतो.”

आधी सुंदरामामी हसली, मग खुद्द वाल्मिकराव. परवा सुषमाताई फोनवर सांगत होती, सासऱ्यांनी तो सदरा टाकलेला नाही. कुणी विचारलं की म्हणतात, सुरतेचा रंग आहे, तीन बारचा.

चेतनला अखेर बार समजला म्हणून मामा खूश आहेत. त्यांना आम्ही काही सांगितलेलं नाही.