शेनिन ब्लांकच्या चार बाटल्या

“एक ग्लास मीठा, एक खट्टा. नाम दोनों का एक. पोतनीस साहब, इसमें मिलावट हुई है,” गोयलजी म्हणाले आणि त्यांनी दोन्ही ग्लास माझ्यासमोर सरकवले.

गोयलजी सराफ्यातले ज्वेलर. मुलीच्या साखरपुड्याचं दुपारचं जेवण त्यांनी आमच्या हॉटेलात ठेवलं होतं. होणारे व्याही परदेशात राहिलेले, म्हणून वाइनही होती. मी तिथला एफ अँड बी मॅनेजर, म्हणजे खाण्यापिण्यात जे काही बिघडेल त्याला जबाबदार माणूस. शेनिन ब्लांक नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन वाढली होती. व्याह्यांच्या ग्लासात ती आंबटसर लागली, विहीणबाईंच्या ग्लासात चक्क गोड. दोघांनी एकमेकांचा ग्लास चाखून पाहिला आणि हसले. गोयलजींना ते हसणं फार लागलं.

वाइन वाढली होती सुनीता जाधवने. माधवगंजात राहणारी, बारा वर्षं नोकरी झालेली, आमची सगळ्यात भरवशाची स्टुअर्ड. नियम असा की बाटली पाहुण्याला दाखवायची, लेबल वाचू द्यायचं आणि त्याच्यासमोरच उघडायची. पण आमच्या ग्वाल्हेरात घरगुती समारंभात हे जमत नाही. टेबलावर आई, मावश्या बसलेल्या असतात. ग्लासात काय आहे ते त्यांनाही ठाऊक असतं, पण बाटली दिसली की त्या उठून जातात. म्हणून गोयलजींनीच सांगून ठेवलं होतं, बाटल्या आत पॅन्ट्रीत उघडा, बाहेर नुसते ग्लास आणा. सुनीताने तसंच केलं. त्यामुळे बाटली उघडताना पाहिलेलं आता कोणीच नव्हतं.

आमचे जीएम चौहान साहेब मला बाजूला घेऊन गेले. “मिलावट की शिकायत मतलब बार का लायसन्स गया. शाम तक उसका सस्पेन्शन लेटर बनाइए.”

“सर, पहले देख तो लूँ.”

“देख लीजिए. लेकिन आज ही.”

सुनीता पॅन्ट्रीत भिंतीला टेकून उभी होती. “सर, मी काही नाही मिलवलं. मी तर कधी चाखली पण नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, पण मिलावट करणारी म्हणून मी घरी कशी जाऊ?”

मी सरळ स्टोअरमध्ये गेलो.

रॅकवर त्याच कंपनीच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पुढच्या लेबलवर मोठ्या अक्षरात शेनिन ब्लांक. मी एकेक उलटी करून मागचं लेबल वाचायला लागलो. तिथे बारीक अक्षरात चार वेगवेगळे मजकूर होते. एक कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. एक गोडसर. एक लाकडी पिंपात मुरवलेली. एक उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची. चारही प्रकारांना स्टोअरमध्ये आयटम कोड एकच दिलेला होता, आणि तो कोड मी बनवला होता. बासमतीची पोती जशी एका थप्पीला लावतात तशा मी या बाटल्या एका रॅकवर लावायला सांगितल्या होत्या. अठरा वर्षं मी वाइन विकतोय. शेनिन कशी असते असं कोणी विचारलं तर म्हणायचो, “थोडी गोड असते सर.” झालं माझं ज्ञान.

चारही प्रकारची एकेक सीलबंद बाटली घेऊन मी जीएमच्या केबिनमध्ये गेलो. गोयलजींना बोलावलं, सुनीतालाही. सील गोयलजींच्याच हाताने तोडून घेतलं. पुढे चार ग्लास मांडले. फिक्या पाणेरी रंगापासून थेट मधाच्या रंगापर्यंत.

मी सांगितलं, “द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, तेव्हा वाइन होते. सगळी खाऊ दिली तर कोरडी. मध्येच थांबवलं तर गोडसर. ऊपर से कुछ नहीं मिलाते.”

गोयलजींनी चारही चाखल्या. “तो अंगूर चार तरह के होंगे. एक फल इतना नहीं बदल सकता.”

आता आली का पंचाईत. लेबलापलीकडे माझ्याजवळ पुरावा नव्हता. तेवढ्यात सुनीता पुढे झाली. तिने ग्लास ओठाला लावले नाहीत, नुसते नाकाशी नेले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मग पुन्हा पहिला.

“सर, हा अमरूद आहे,” ती हळूच म्हणाली. “पहिला कच्चा, झाडावरून आत्ता तोडलेला. दुसरा पिकायला आलेला. तिसरा लाकडाच्या पेटीत ठेवलेला. चौथ्यावर शहद ओतलंय. पण आहे अमरूदच, चारही.”

मी घाईने ग्लास उचलले. खरंच होतं! लाकडाच्या आड, मधाच्या आड, चारींच्या तळाशी तोच पेरूचा वास. एक द्राक्ष, मटारएवढं, आणि त्यात एवढं सगळं दडलेलं. आणि ते मला दाखवलं कोणी, तर जिने एक थेंबही चाखला नव्हता तिने. मी नुसता बघत राहिलो, कधी ग्लासांकडे, कधी तिच्याकडे.

गोयलजींनी डोळे मिटून चारही ग्लास पुन्हा हुंगले. बराच वेळ लावला. मग दागिन्याची घडण पारखावी तसे म्हणाले, “माल एक ही है. गढ़ाई अलग है.” ते उठले आणि सुनीतासमोर हात जोडले. “बहनजी, माफ कीजिए.”

सुनीताने मान हलवली आणि तेव्हा कुठे ती रडली.

“फिर दो तरह की बोतलें एक टेबल पर गईं कैसे?” जीएमनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं. मी कोडचं सगळं सांगून टाकलं.

लेटर निघालं ते माझ्या नावाचं. सस्पेन्शन नाही, वॉर्निंग. स्टोअरमध्ये आता शेनिनचे चार कोड आहेत, आणि नव्या स्टुअर्डना वाइनचा वास कसा घ्यायचा हे सुनीता शिकवते. अजून तिने चाखलेली नाही. बाटलीवरचं द्राक्षाचं नाव म्हणजे वाइनची चव नव्हे, एवढं कळायला मला अठरा वर्षं आणि एक वॉर्निंग लेटर लागलं.